कुंकवाची जागा

—हाव, ते समजलं मले, तू काही मुद्दाम नाही केलं, पन विचाराचं तं होतं ना, पोरी. विचाराले काय जीभ झडते? तू कॅमेरा घेऊन आली, चार घरं फिरली, आमच्या धनश्रीले बसवलं, फोटो काढला, तिचं कपाळ दिसलं तुले मोकळं—अन् खाली लिवून टाकलं, 'विधवा विणकर स्त्री'. अवं, माह्यी सून आहे ती. माह्या हेमराजची बायको. माह्या हेमराजले काय झालं? काही नाही झालं. अन् विणकर तरी कुठली वं ती, ती तं इतवारीत साड्यांच्या दुकानात जाते, दिवसभर गिऱ्हाइकासमोर साड्या उलगडते अन् पुन्हा घड्या घालते. विणकर तिचा सासरा होता, बाबूलालजी, अन् त्याच्या हाताखाली मी, ही रुख्माबाई. ती मागावर एक दिवस नाही बसली. ती आली तवा माग विकून झाला होता, मागाखालचा पाय सोडाचा खड्डा बुजवून वरतून सिमेंट टाकलं होतं—हे काय, तू बसली आहे ना, तुह्या पायाखालीच आहे तो चौकोन. तिथंच तं बसवलं होतं तू तिले. तीन शब्द लिवले अन् त्यातले दोन गलत. तुमच्या कॉलेजात नापासच करत असतीन अशाले. —पानी पी. आणि थो फोटो मांडीवर काहून घेऊन बसली, भिंतीले टेकव. असा नाही, उलटा. तोंड भिंतीकडे.

तुले वाटत असन, म्हातारी काहून एवढी तापली, एका शब्दासाठी. सांगते ना. तुमच्या त्या सिव्हिल लाइन्सच्या हॉलातल्या फोटोच्या प्रदर्शनाचं निमंत्रण मोबाइलवर आलं, अस्मितानं दाखवलं मले—अस्मिता मंजे समोरच्या गणपतरावची सून—'काकू, पाहा, तुमच्या धनश्रीचा फोटो, भल्ली मस्त दिसते.' मस्तच दिसत होती, मी काही खोटं बोलत नाही. मग तिनं खालचं वाचून दाखवलं अन् माह्या हातातली वाटी खाली पडली. संध्याकाळपर्यंत आमच्या समाजाच्या ग्रुपवर सगळ्यांचे हात जोडलेले. 'हेमराजभाऊंना भावपूर्ण श्रद्धांजली.' एकानं तं त्याच्या लग्नातला फोटो काढून त्याले हार घातला, मोबाइलमधला हार, फुलं हलते त्याचे. कवा मेला, कुठं मेला, कशानं मेला, कोनी विचारलं नाही—हात जोडाले मात्र सगळे समोर. तेरवीच्या पंगतीत कोन कुठं बसन हेही ठरलं असन त्याहीचं. हसू नको, हसाची गोष्ट नाही ते. गणपतरावच्या घरी महालक्ष्म्या बसते, दरसाल आमची धनश्री तिथं सवाष्ण म्हणून जेवाले जाते, पयला मान तिचा. यंदा बोलावणं नाही. अस्मिता आली दारात, आत नाही आली, म्हणे 'काकू, आमच्या सासूबाई म्हणते थोडं थांबू, नक्की काय ते समजू द्या.' आता नक्की काय ते मी कुठून दाखवू? धनश्री दुकानातून आली, समोर पंगत उठून राहिली होती, उष्ट्या पत्रावळी बाहेर येऊन राहिल्या होत्या, तिनं पाह्यलं.  हातपाय धुतले, भाकरी टाकल्या, मले वाढलं. मी म्हटलं, ते लोक असेच. तं म्हणे, 'राहू द्या, आत्याबाई, वरणात मीठ बरोबर आहे ना?' अशी आहे ती.

आता तू म्हणशील का मंग तिचं कपाळ मोकळं कसं. त्याले काय, घाम. मे महिन्यात आली होती ना तू? नागपूरचा मे. बाहेर कुत्रं निघत नाही तवा तू दुपारी आली, अन् वरतून कूलर बंद करा म्हणे, पाठीमागचा पडदा हलते. मंग घाम येन का नाही माणसाले? कुंकू उतरलं असन, पदरानं तोंड पुसलं असन. झालं. एवढीशी गोष्ट. अन् तू त्याच्यावर काय काय लिवलं—अस्मितानं तेही वाचलं—'सगळं गेल्यावर उरलेला चेहरा'. बापा. काय गेलं तिचं? घर आहे, नोकरी आहे, मी आहे. नवरा सुरतले गेला पावरलूमवर, तिथून त्याचा पत्ता नाही, हे खरं. पन पत्ता नाही मंजे मेला असं नाही होत. ज्याची खबर नाही त्याची बायको कुंकू लावते, अन् खबर येईपर्यंत लावतच राहते, माह्या सासूच्या चुलतबहिणीनं म्हातारी होईपर्यंत लावलं. मी धनश्रीले पयल्याच दिवशी सांगतलं होतं, का पोरी, टिकली नाही, टिकली पडते, कुंकूच लावाचं, ओलं, ठसठशीत, लोकाले दुरून दिसलं पाह्यजे. एक शब्द उलटून नाही बोलली. रोज सकाळी करंडा घेऊन माह्यासमोर बसते. मंग तू कोन वं एका दुपारी येऊन तिचं पुसनारी?

अन् मले हे सांग, चांगल्या जित्या माणसाले मेलं म्हणून लिवलं तं त्याले कसं वाटन? त्याचा काही विचार केला तू? बिचारा परवा मले म्हणते, 'माय, तुम्ही तं मले मारूनच टाकलं, इथं प्लांटवर पोरं मोबाइल दाखवून दाखवून हसून राहिले'—

चहा ठेवते मी. साखर चालते ना तुले? आजकाल पोरी साखर नाही म्हणते.

—कोन म्हणते मंजे? कोनी नाही. मी म्हटलं का काही? म्हटलं असन, म्हातारं माणूस, कुठलं कुठं जोडते. तू अशी काहून पाहून राहिली माह्याकडे? तो कॅमेरा नाही ना चालू? नाही ना. आवाजाचं मशीन गिशीन? दाखव मोबाइल. बरं. ठेव.

बस खाली. बस म्हटलं ना. आता गेलं तोंडातून तं गेलं, पन तुह्या मायची शपथ आहे तुले, सोनिका, इथून उठली का हे इथंच विसरजो. धनश्रीले कळलं नाही पाह्यजे. हेमराज मौद्याले आहे, इथून गाडीनं तासभर. सुरतले गेला होता ते खोटं नाही, पन तिथं नाही जमलं त्याले, परत आला अन् इकडे घरी याच्या बदली मौद्यालेच राहिला, तिथल्या प्लांटवर ठेकेदाराच्या हाताखाली कामाले लागला. जिथं जेवाले जाय तिथली बाई होती एक. आता तिच्यासोबतच राहते. पोरगं आहे. पयला फोन आला तवा मी रडली, मंग शिव्या दिल्या, मंग इचारलं जेवला का. मी काय करू, माय आहे मी. एकदा पाहाले गेली होती, उमरेडले भाचीकडे जातो म्हणून सांगतलं अन् मौद्याच्या गाडीत बसली. म्हटलं जाऊन दोन झापडा देते त्याले. दिल्याही. अन् ते लहानसं पोरगं मधात येऊन उभं राहिलं, अनिश त्याचं नाव, माह्यं बोट धरलं त्यानं, सोडेचना. आता त्याले फोन दाबता येते. कवाही लावते, दुपारी, सकाळी, अन् म्हणते 'आजी, कवा येते?'

तू मले नाव ठेवून राहिली असशील मनातल्या मनात. ठेव. पन तू माह्या जागी बसून पाह्य जरा. झाकली मूठ सव्वा लाखाची, अन् उघडली तं काय? धनश्रीचा भाऊ आहे वाडीले, अंकुश, तिकडे गोडाउनवर सुपरवायजर आहे, दर राखीले येते अन् माह्यासमोर म्हणते, 'ताई, कवापर्यंत वाट पाहशील, चल माह्याकडे.' ती म्हणते, 'आत्याबाई एकट्या पडतीन.' मंग तिले समजलं का ज्याची वाट पाहून राहिली तो हाकेच्या अंतरावर लेकरू खेळवत बसला आहे, तं ती थांबन काहून? कशासाठी थांबन? माह्यासाठी? मी तिची कोन? नवऱ्याचीच माय ना, नवराच नाही तं माय कुठली. अन् ती गेली तं मी कुठं जाऊ हे सांग. हेमराज एवढ्यांदा बोलते फोनवर, पन एकदा त्याच्या तोंडून नाही निघालं का, माय, तू इकडे ये राहाले. एकदा नाही. मी वाट पाहत राहते फोन ठेवेपर्यंत, आता म्हणन, आता म्हणन. आपलेच दात, आपलेच ओठ. अन् ही—पोटची नाही, पाठची नाही—माह्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला तं हिनं दुकानातून सुट्टी काढून आपरेशन करवलं, मांडीवर डोकं घेऊन थेंब टाकले डोळ्यात, दिवसातून कितीदा तं. डॉक्टर म्हणे लेक आहे का. ती म्हणे हाव. तिले गमवू मी? एका खऱ्यासाठी? मले नाही पाह्यजे तसलं खरं. म्हणून म्हणते, थो शब्द खोड अन् 'सौभाग्यवती' लिव. सौ. धनश्री हेमराज. नाही तं फोटोच काढून टाक तिथून, दुसऱ्या कोनाचा लाव, फोटोले काय तोटा आहे?

नाही म्हणते? का, नाही काढता येत? 'त्या चेहऱ्यात काहीतरी आहे.' हे तू मघापासून म्हणून राहिली. काय आहे वं? मले तं अस्मिताच्या मोबाइलवर बोटभर दिसला होता, तेवढ्यात काय समजनार. आण. आण इकडे तो मोठा. सुलटा कर. उजेडाकडे धर, माह्या सावलीत नको.

…

भल्ला साफ आला. केसंन् केस दिसते. ही पाह्य कुंकवाची जागा—इतके वर्ष लावून लावून चामडी पांढुरकी झाली तिथली, गोल, रुपयासारखी. मी समोर बसते रोज, पन मले नव्हती दिसली, आम्हाले कुंकूच दिसते ना. डोळे… रडली तं नाही. तू म्हणते दुःख आहे. दुःख नाही आहे हे. हिचं दुःख मले ओळखता येते, हेमराजची खबर यायची बंद झाली तवा पाह्यलं आहे मी, ती खालचा ओठ चावते. इथं ओठ सैल आहे. हे तं—हे कसं सांगू तुले—धान्याचं पोतं डोक्यावरून उतरवून ठेवलं, अन् मान अजून तशीच ताठ आहे, असं. अन् घाम कुठं आहे वं हिले? नाकावर नाही, ओठावर नाही. कोरडं आहे सगळं तोंड.

पदराचं टोक पाह्य. हे. इथं, मांडीवर आलं ते. डाग नाही तो, साडीचा रंगही नाही—साडी मीच घेतली होती, तिले लाल कुठंच नाही. कुंकू आहे ते. ओलं कुंकू. असं घासून पुसलं तरच असं येते, घामानं उतरलं तं वघळ येते खाली, नाकापर्यंत. मंजे पुसलं तिनं. हातानं. दाबून.

अन् हे काय आहे तिच्या हातात? पदराखाली, अर्धं. हे काळं.

हा माहा फोन आहे.

—माहाच आहे, बटनाचा, कोपऱ्याले पांढरी पट्टी चिकटवली आहे ती धनश्रीनंच चिकटवली होती, पडून फुटला होता तवा. तिचा फोन मोठा आहे, काचेचा. माहा फोन तिच्या हातात काहून? त्या दिवशी मी कुठं होती? नाही, मी घरी नव्हती, डोळ्याच्या तपासणीले गेल्ती अस्मितासोबत, काळा चष्मा होता, फोन घरीच राहिला. तू होती. तू होती ना इथं, सांग मले. वाजला होता? तू कॅमेरा लावून राहिली होती अन् वाजला. तिनं उचलला. बरं. ती काय बोलली? काहीच नाही? हॅलोही नाही? नुसतं आयकलं. अन् तुले आयकू आलं का काही—त्या डबड्याचा आवाज मोठा आहे, मले कमी आयकू येते म्हणून मोठाच ठेवला आहे—सांग ना, पोरी, आता काय झाकते. लहान पोराचा आवाज.

'आजी, कवा येते.'

अन् मंग मोठ्या माणसाचा. 'माय, मी उद्या लावतो.' असं म्हणे. एवढंच. अन् ठेवला. तिनं फोन मांडीवर ठेवला अन् पदरानं कपाळ पुसलं, तुह्यासमोर, अन् म्हणे 'काढा आता'. तुले वाटलं फोटोसाठी तोंड पुसून राहिली. तू काय करशील, तुले काय ठाऊक.

थांब जरा. 

मी घरी आली तवा तिनं माहा चष्मा काढला, थेंब टाकले. थेंब टाकता टाकता म्हणे, 'आत्याबाई, तुमचा फोन वाजला होता, राँग नंबर होता.' मी म्हटलं बरं. मले तं उलट हायसं वाटलं, का वाचली आज. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी करंडा घेऊन बसली ना ती माह्यासमोर. नेहमीसारखी. गोल लावलं, अन् मान वर करून इचारलं, 'आत्याबाई, बरोबर लागलं का?' अन् मी, ही शहाणी, मी म्हटलं, थोडं डावीकडे गेलं, नीट कर. तिनं पुसून पुन्हा लावलं. तवापासून रोज. उन्हाळा गेला, पाऊस गेला, महालक्ष्म्या झाल्या. समोरच्या घरून बोलावणं नाही आलं त्या दिवशीही मोठं लावलं होतं तिनं, मी म्हटलं पाहू दे सगळ्याहीले. कोनासाठी लावून राहिली होती वं ती? त्याच्यासाठी? तो तं त्याच दिवशी पुसला गेला, तुह्या फोटोत आहे ना समोर. गणपतरावच्या घरासाठी? त्याची तिले पर्वा नाही. माह्यासाठी लावते ती. ही म्हातारी मोडू नये म्हणून लावते. अन् मी समजत होती का मी तिले सांभाळून राहिली.

अन् अजून आयक. माहा फोन वाजला का ती उठते. 'कपडे वाळले का पाहून येते' म्हणते अन् गच्चीवर जाते. सकाळ असो, संध्याकाळ असो, पाऊस पडत असला तरी कपडे पाहाले जाते. मले वाटे, देवानंच धाडलं हिले बाहेर, बोलून घ्यावं निवांत. बोलत होती मी, हसत होती त्या पोरासंग, मोठ्यानं. ती वर उभी असन तारेले धरून. अन् रात्री माहा फोन चार्जिंगले तीच लावते, उशाशी आणून ठेवते, 'जवळ असू द्या, आत्याबाई, कोनाचा येईन तं.' मले काही दिसलं नाही. डोळे नवे करून दिले तिनं, तरी नाही दिसलं.

नाही, मी रडून नाही राहिली, डोळ्याले पानी येतच राहते आपरेशनपासून.

तू काय लिवलं होतं ते पुन्हा एकदा म्हण. 'सगळं गेल्यावर'—राहू दे, नको म्हणू. तेही बरोबर नाही, पन मी सांगितलं तेही बरोबर नव्हतं. सौभाग्यवती लिवू नको तू. माह्यं आयकू नको. विधवाही लिवू नको, तो मेला बिला नाही, चांगला जेवून खाऊन आहे. तिलेच विचार काय लिवायचं, तिचं कपाळ आहे. पन आज नको विचारू. मी इथं नसताना विचारजो, दुकानात जाऊन विचारजो, माह्यासमोर ती खरं नाही सांगनार तुले. माह्यासमोर ती माह्याच सोयीचं बोलन.

एक सांग मले, तू शिकली सवरली आहे. उद्या सकाळी ती पुन्हा करंडा घेऊन बसन इथं. अन् मान वर करून विचारन, आत्याबाई, बरोबर लागलं का. मी काय म्हणू? हाव म्हटलं तं मी तिले अजून बांधून ठेवते, आता जाणूनबुजून. अन् नको लावू म्हटलं, पुस म्हटलं—तं मंग ती मोकळी झाली. मोकळी झाली तं अंकुश येईन, अन् मंग या घरात मी अन् हा सिमेंटचा चौकोन. एवढी हिंमत आहे का वं माह्यात? नाही आहे. मले माहीत आहे नाही आहे. तुले काय वाटते, काय म्हणावं?

नाही, नको. तू नको सांगू.

अन् हा फोटो नेऊ नको, राहू दे, तिथंच टेकव. आता भिंतीकडे तोंड नको करू त्याचं. —फाटक वाजलं. तिच्या गाडीचा आवाज आहे, दुकान लवकर बंद झालं वाटते आज. ऊठ तू, मागच्या दारानं जा, समोरून नको. चहा राहिला तुहा, राहू दे. जा, पोरी, चपला तिकडेच आहे.